लाईट जाण्याची वाट पाहणारं गाव

सबस्टेशनात किस्से साचतात, त्याला कारण आहे. लाईट असते तेव्हा आम्हाला काम नसतं, आणि लाईट जाते तेव्हा गावाला काम नसतं! मग गिरणीवाला, दळणाचा डबा घेऊन आलेला गडी, मोटार बंद पडलेला शेतकरी असे सगळे आमच्या ओट्यावर येऊन बसतात. "कवा येती?" म्हणून विचारतात. आम्ही वर तारांकडं बघतो, तेही बघतात. खरं उत्तर कुणाकडंच नसतं, म्हणून कुणीतरी दुसरीच गोष्ट काढतो. माझी सगळी नोकरी अशा गोष्टी ऐकण्यात गेली, मधूनमधून बटणं दाबली.

त्यातल्या पवनचक्कीच्या गोष्टी सांगायला लागलो की ऐकणारा माझ्याकडं संशयानं बघतो. बघू द्या. त्या वर्षी आमच्याकडं सगळेच एकमेकांकडं तसे बघत होते.

गाव खडकमाळ. राणीसावरगावच्याही पुढं, डोंगरपट्टीत. वर माळावर सबस्टेशन, खाली गाव, त्याच्याही खाली ओढा आणि ओढ्याकाठी पाणीपुरवठ्याची विहीर. ऑफिसात आम्ही चौघं. मी ऑपरेटर, बाबूभाई लाइनमन, माठ भरणारी आणि झाडलोट करणारी शांताबाई, आणि आमचे ज्युनियर इंजिनियर जोगदंड साहेब.

साहेब सेलूचे. वडील कापसाच्या बाजारात अडते. त्या घरात मूल बोलायच्या आधी वजनकाट्याखाली वाकून बघायला शिकतं! साहेब आमच्याकडं रुजू झाले त्या दिवशी मी दूध जास्त घालून, वेलदोडा टाकून चहा केला. साहेबांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडं रोखून बघितलं.

"चहा इतका चांगला कामून केला? काय लपवायलाव?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फुळकवणी चहा केला. तो साहेबांनी शेवटपर्यंत प्यायला आणि समाधानानं म्हणाले, "म्हणजे काल काहीतरी होतंच!"

*

शांताबाई गावाबाहेरच्या वस्तीवर राहायची. वस्तीवर नळ आला होता. पण नळाला पाणी टाकीतून, टाकीत पाणी मोटारीनं, आणि मोटार आमच्या लाईटवर. लाईट गेली, टाकी रिकामी झाली की नळ कोरडा. मग बाई घागरी घेऊन गावातल्या आडावर जायची. तिथं तिला कुणी नको म्हणत नव्हतं, फक्त तिचा नंबर येत नव्हता! ऊन चढलं की ती मुकाट्यानं ओढ्यात उतरायची, वाळूत झरा उकरायची आणि वाटीवाटीनं घागर भरून पुन्हा चढ चढायची. तिचे गुडघे त्या चढानंच गेले. हे सगळं मी खिडकीतून बघायचो आणि मला फार वाईट वाटायचं, पण तार कुठं तुटली ते बाबूभाईलाच सापडत नसे तर मी काय करणार?

आमच्या ऑफिसात तिनं भरलेल्या माठातलं पाणी मी प्यायचो, बाबूभाई प्यायचे. साहेब प्यायचे नाहीत. घरून स्वतःचा तांब्या आणायचे, वर झाकण लावून. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. गावोगाव माणसं एकमेकांपासून दोन पावलं लांब उभी राहायची. मला वाटलं, साहेबांचंही तेच आहे, आणि मी मनातून चिडलो.

मग एकदा सरपंच बापूराव पाटलांच्या वाढदिवसाला आम्ही गेलो. पाटलांच्या सूनबाईनं पितळी तांब्यातून पाणी आणलं. साहेबांनी वास घेतला आणि तांब्या तसाच परत केला!

मी ही गोष्ट शांताबाईला सांगितली. ती खूप हसली.

"मग काय वाईट न्हाई," म्हणाली. "ह्या सायबाला समदेच सारखे!"

*

अशा आमच्यात पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतून परांजपे साहेब पवनचक्की घेऊन आले. माळावर लोखंडी मनोरा, वर तीन पाती, खाली बॅटऱ्यांची खोली. वारा सुटला की बॅटऱ्या भरायच्या. आमची लाईट गेली की गावच्या पाण्याची मोटार त्या बॅटऱ्यांवर चालायची. म्हणजे लाईट नसली तरी वस्तीच्या नळाला पाणी! शांताबाईला यातलं एवढंच कळलं, आणि तेवढं पुरेसं होतं. येताजाता ती त्या मनोऱ्याला हात लावून जायची.

पण चक्की वर्षाच्या बोलीवर आली होती. वर्ष संपलं की कमिटी येणार. चक्कीमुळं फरक पडला असं मापात दिसलं तर ती राहणार, नाहीतर उतरवून दुसऱ्या जिल्ह्यात जाणार.

काय मापायचं, ते परांजपे साहेबांनी फळ्यावर समजावून दिलं. एक आडवी रेघ काढली, ती एकदम खाली पाडली, थोडी खालूनच चालवली आणि मग हळूहळू वर आणली.

"लाईट जाते का, हा प्रश्नच नाही," ते म्हणाले. "ती जाणारच. गेल्यावर गाव किती खाली जातं, किती वेळ खाली राहतं आणि किती लवकर वर येतं, ते मोजायचं. याला मी तग म्हणतो. हा जो खड्डा दिसतोय ना, तो जितका लहान तितका तग मोठा. चक्कीशिवाय खड्डा केवढा, चक्कीसकट केवढा, एवढंच कमिटीला दाखवायचं आहे."

बाबूभाईंनी हात वर केला. "और खड्डाच नै पड्या तो, साब?"

"मग मोजणार काय?" परांजपे हसले.

जोगदंड साहेब हसले नाहीत. पाहुणे जेवायला गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. फळ्यावरची रेघ तशीच होती. तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "लाईट कुणाच्या हद्दीत जाती? माझ्या! खड्डा कुणाच्या हद्दीत पडणार? माझ्या! अरे, हा माणूस वारं मोजायला आलेला न्हाई. हा मला पुरायला जागा मोजायलाय!"

*

गावाचा संशय वेगळाच होता. त्या वर्षी मृगानं दगा दिला. ढग यायचे आणि माळावरून पुढं निघून जायचे. बापूराव पाटील पाच-पंचवीस माणसं घेऊन सबस्टेशनात आले.

"तुमचा पंखा ढगं पळवायलाय. बंद करा!"

परांजपे साहेबांनी शांतपणे सांगितलं, "पाटील, हा पंखा वारा सोडत नाही. वारा आला की हा फिरतो."

पाटलांनी जरा विचार केला. "मग माझ्या घरातला कसा काय वारं सोडतो?"

"तो विजेवर चालतो."

"आन ह्याच्यातून वीज निघती म्हणता ना? मग एकच झालं की!"

परांजप्यांना घाम फुटला. योग असा की पुढच्याच आठवड्यात आमच्या शिवारात धो धो पाऊस पडला आणि शेजारच्या गावात थेंब नाही. मग त्या गावची माणसं ट्रॅक्टर भरून आली. "ह्यांच्या पंख्यानं आमची ढगं वढून घेतली!" म्हणून भांडायला लागली. आता बापूराव पाटील मनोऱ्यापुढं काठी आडवी धरून उभे!

"खबरदार!" ते ओरडले. "आमच्या पंख्याला हात लावला तर! तुमचा तुमी आणा!"

*

मनोऱ्याच्या टोकाला वारा मोजायचं एक यंत्र होतं. तीन वाट्या, वाऱ्यानं गरगर फिरायच्या आणि खाली कागदावर रेघ उमटायची. ते बघून राणीसावरगावहून जमादार सायकल मारत आला. "हे वायरलेस कुणाचं? कुणाशी बोलायलाय?" तेव्हाचे दिवसच तसे होते. आज कुठं मोर्चा, उद्या कुठं बंद, आणि परका माणूस दिसला की पोलिसांची झोप उडायची. परांजप्यांनी वाट्या फिरवून दाखवल्या. जमादारानं खालचा कागद पाहिला, त्यावरची वेडीवाकडी रेघ पाहिली आणि विचारलं, "ही कुठली भाषा?"

पण खरा घोळ पुढं झाला. महिने गेले आणि परांजप्यांच्या लक्षात आलं, की खडकमाळला रोज दुपारी वारा एकदम पडतो. सकाळी चांगला, संध्याकाळी चांगला, दुपारी शून्य. त्यांनी नकाशे पसरले. डोंगराचा उतार, तापलेला माळ, ओढ्याचा गारवा, असं सगळं जुळवून त्यांनी त्यावर एक लांबलचक निबंध पुण्याला धाडला. तिकडं म्हणे फार कौतुक झालं.

मग बाबूभाई मुलीच्या निकाहासाठी सोनपेठला रजेवर गेले. त्याच दुपारी वारा सुटला! दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाबूभाई परत आले आणि वारा पुन्हा पडला.

परांजपे चक्रावून गेले. जोगदंड साहेब मात्र डोळे बारीक करून म्हणाले, "वारं रजेचा अर्ज बघून सुटतंय, असं कधी ऐकलंय का?"

त्या दुपारी आम्ही जेवण झाल्यावर लपून बसलो. बाबूभाई डबा धुऊन आले, टॉवेल खांद्यावर टाकला, सरसर मनोऱ्यावर चढले, वाट्यांना सुतळी बांधली, खाली उतरले आणि बॅटऱ्यांच्या खोलीच्या सावलीत आडवे झाले. वर चक्कीची पाती खुशाल फिरत होती, पण कागद सोडून वर कुणी कधी पाहिलंच नव्हतं!

परांजपे धावतच पुढं गेले. "बाबूभाई! हे काय?"

बाबूभाई उठून बसले. तोंडावर जराही पाप नव्हतं. "क्या करूं साब, चूं-चूं करता है. नींद नै आती. चार बजे खोल देता मैं, बराबर!"

निबंध परत मागवता येईल का, म्हणून परांजपे तीन दिवस तालुक्याच्या पोस्टात चकरा मारत होते.

*

आता मूळ मुद्द्यावर येतो. वर्ष निम्मं सरलं आणि एक भलतंच संकट उभं राहिलं. लाईट जाईना!

झालं होतं असं, की "खड्डा" ऐकल्यापासून जोगदंड साहेबांच्या डोळ्याला डोळा नव्हता. आपल्या हद्दीत खड्डाच पडू द्यायचा नाही, या जिद्दीनं माणूस पेटला. बाबूभाईंना घेऊन लाइन पायी फिरले. सैल तारा ओढल्या, कलते खांब सरळ केले, बाभळी छाटल्या, डीपीत फ्यूजच्या जागी बांधलेल्या साध्या तारा काढून खरे फ्यूज टाकले. इतकी वर्षं जी कामं "सामान आलं की करू" म्हणून पडली होती, ती संशयानं महिनाभरात करून टाकली. रोज दोनदा जाणारी लाईट आठवड्यात एकदाही जाईना.

गावाचा विजेचा भार कागदावर रेघेनं उमटवणारा एक रेकॉर्डर होता, परांजपे त्याच्यापुढं गालाला हात लावून बसायचे. कागदावर सरळ रेघ. "असंच राहिलं तर कमिटी म्हणेल, इथं लाईट जातच नाही, चक्की कशाला?" ते मला म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, चक्की उचलून नेली की दुसऱ्या दिवशी जायला लागंल बघा!" ते हसले नाहीत, मीही हसवण्यासाठी बोललो नव्हतो. जोगदंड साहेबांची भीती गेली की तारा पुन्हा सैल होणार, हे मला ठाऊक होतं.

शांताबाईलाही ठाऊक होतं. तिनं वस्तीवर सांगितलं, वस्तीनं गावात सांगितलं आणि बापूराव पाटील पुन्हा माणसं घेऊन आले. या वेळी हारही आणला होता.

"साहेब," पाटील हात जोडून म्हणाले, "एक विनंती हाय. लाईट घालवा की!"

आम्ही ऐकतच राहिलो. लाईट आणा म्हणून दगड घेऊन आलेले मोर्चे मी पाहिले होते, लाईट घालवा म्हणून हार घेऊन आलेला हा पहिलाच!

जोगदंड साहेब खुर्चीत ताठ झाले. "कुणी पाठवलं तुमाला?"

"कुणीच न्हाई साहेब. थोडी घालवा. दोन-चार डाव. पंखा ऱ्हायला पायजे."

"म्हणजे मी बटण दाबायचं, आन तुमी वर कळवायचं, की जोगदंड मुद्दाम लाईट घालवतो! मला दूधखुळा समजलाव का? एक सेकंद जाऊ देणार न्हाई!"

हार टेबलावरच राहिला. साहेबांनी तो बाबूभाईंकडून दोरा सोडवून तपासून घेतला.

*

वैशाखात एकदाची लाईट गेली. आमच्या हातून नाही, वादळानं. दिवसाढवळ्या आभाळ काळं झालं, पत्रे उडाले आणि ओढ्याकडचे खांब आडवे झाले. वारा एवढा, की चक्कीसुद्धा ब्रेक लावून थांबवावी लागली. बॅटऱ्या मात्र भरलेल्या होत्या.

लाइन उभी करायला आम्हाला दोन दिवस लागले. पण मोटार बॅटऱ्यांवर चालली, टाकी भरली. वादळ निवल्यावर चक्की पुन्हा सोडली आणि तिनं बॅटऱ्या भरून काढल्या. दोन्ही दिवस वस्तीच्या नळाला पाणी होतं. शांताबाई आडावर कुणाच्याही पुढं उभी राहिली नाही, ओढ्यात उतरली नाही. मी स्वतः जाऊन पाहून आलो. ती नळाखाली घागर लावून नुसती बसली होती. घागर भरून वाहत होती तरी उठत नव्हती. एवढं समाधान मी माणसाच्या तोंडावर क्वचित पाहिलं आहे.

परांजपे तर नाचायचेच बाकी होते. "मिळाला! खड्डा मिळाला!" करत ते रेकॉर्डरकडं धावले. कागद बाहेर काढला. रेघ वादळापर्यंत व्यवस्थित आलेली होती. पुढं कोरा कागद.

"ही थांबली कशी?"

बाबूभाईंनी रेकॉर्डरची वायर हातात धरली आणि तिच्या मागं मागं भिंतीपर्यंत गेले. वायर आमच्या साध्या प्लगात होती. लाईट गेली त्याच क्षणी लाईट गेल्याची नोंद करणारं यंत्रही गेलं होतं!

परांजपे तो कोरा कागद उलटसुलट करून बघत राहिले. शेवटी जोगदंड साहेबच म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात दया होती, "परांजपे, तुमचाही कुणीतरी वैरी हाय बगा."

*

आता एकच उपाय उरला. कमिटीसमोर ठरवून लाईट घालवायची आणि चक्की गावाला कसा आधार देते ते दाखवायचं. वरून लेखी हुकूम आला तेव्हा कुठं जोगदंड साहेब तयार झाले. रेकॉर्डर बॅटरीवर घेतला. सगळं पक्कं झालं.

अट एकच होती, त्या दिवशी गाव रोजच्यासारखं चालायला हवं. गिरणी चालू, मोटारी चालू, नळाला पाणी चालू, आणि मग एकदम लाईट बंद. परांजप्यांनी आदल्या दिवशी गावात दवंडी दिली. "उद्या मोठे साहेब येणार आहेत! सकाळी लाईट जाईल! सर्वांनी नेहमीसारखं वागावं होऽऽ!"

परांजपे पुण्याचे. त्यांना कसं कळणार? सरकार आजवर "असं करू नका, तसं करा" एवढंच सांगत आलेलं. "नेहमीसारखं वागा" असं सरकार कधी म्हणतं का? गावानं एकमेकाकडं पाहिलं. मोठे साहेब येणार, आधी सांगून येणार, आणि वर नेहमीसारखं वागा म्हणणार! म्हणजे धाड!

खडकमाळला निम्मी वीज आकड्यांवर चालायची. आकडा म्हणजे काठीनं उघड्या तारेवर अडकवलेली वायर. मीटर नाही, अर्ज नाही. हे गावाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, बाबूभाईंना ठाऊक होतं. जोगदंड साहेबांना तर फारच ठाऊक होतं, पण आपल्या हद्दीत आकडे नाहीत असं ते वर्षानुवर्षं वर कळवत आले होते. सकाळी कमिटीची जीप माळावर चढली तेव्हा गावात एकही आकडा नव्हता. गिरणीला कुलूप होतं. शेतातल्या मोटारी गप्प. मीटरवाल्यांनीसुद्धा, नको ती भानगड म्हणून, दिवे बंद केले होते.

आणि पाणी? लाईट जाणार म्हटल्यावर बायका थांबतात होय! घागरी, बादल्या, पातेली, परसातले रांजण, सगळं आदल्या दिवशीच भरून झालेलं. वस्तीवर तर शांताबाईनं दारोदार जाऊन सांगितलं होतं, "उद्या सायेब लोकांपुढं नळावर गर्दी, भांडणं नकोत. आपल्यामुळं पंख्याला बोल लागायला नको." मग टाकीही पुन्हा काठोकाठ भरून ठेवलेली. मोटार चालवायची गरजच नव्हती.

वारा त्या दिवशी काय सुटला होता! वर्षभरात असा सुटला नसेल. चक्की मनोऱ्यावर भन्नाट फिरत होती. कमिटीचे अध्यक्ष टोपी सांभाळत तिच्याकडं कौतुकानं बघत होते.

परांजप्यांनी खूण केली. मी खटका खाली ओढला. लाईट गेली.

सगळे रेकॉर्डरवर वाकले. रेघ आधी तळाला होती, नंतरही तळालाच राहिली. खड्डा नाही, चढ नाही, काही नाही. अध्यक्षांनी खिडकीतून गावाकडं पाहिलं. कुणी ओरडलं नाही, कुणी ओट्यावर आलं नाही. एक म्हातारा बैलाला पाणी पाजत होता.

"लाईट गेल्याचं यांना कळलं तरी का?" अध्यक्षांनी विचारलं.

परांजप्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, आज काहीतरी वेगळं झालंय. एरवी इथं भार खूप असतो. आज हे गाव नेहमीसारखं वागत नाहीये!"

"भार असतो? कुठून?" अध्यक्ष जोगदंड साहेबांकडं वळले. "तुमच्या कागदांवर तर या गावाचा भार नावालाच आहे. मग आज दिसतंय ते खरं, की कागद खोटे?"

आता बोलायची पाळी जोगदंड साहेबांची. आकडे म्हटलं तर चक्की वाचत होती, पण साहेब बुडत होते, आणि त्यांच्या मागून सगळं गावही. साहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा बाबूभाईंकडं. कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "कागद बरोबर हायत, साहेब."

परांजपे खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

अध्यक्षांनी तिथल्या तिथं निर्णय सांगितला. माणूस वाईट नव्हता. मोकळेपणानं बोलला. "नुकसान शून्य, सावरायला लागलेला वेळ शून्य! तग धरण्यात असं गाव मी पाहिलं नाही. इथं चक्कीची गरजच नाही. लाईट गेली की जी गावं कोलमडतात, त्यांना ती देऊ."

शांताबाई कमिटीसाठी पाणी घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आत आली, सगळ्यांना पाणी दिलं. अध्यक्ष गटागटा प्यायले आणि कौतुकानं म्हणाले, "बाई, तुमचं गाव फार चिवट आहे हं! लाईट गेली तरी तुमचं काही अडत नाही."

शांताबाईनं विचारलं, "सायेब, आमी रडून-वरडून दाखवलं असतं, तर पंखा ठिवला असता का?"

अध्यक्ष थोडे घुटमळले. पण माणूस सरळ होता. "हो बाई. बहुतेक ठेवला असता."

शांताबाईनं रिकामे पेले गोळा केले.

"मग आदी सांगायचं न्हाई का ओ!" ती म्हणाली. "आमी समदे नीट वागलो की!"